मिरजेचं पाणी, बालाघाटाचा रूळ

(पाली, जि. बीड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, ते बीडला रेल्वे यावी म्हणून निवेदनांवर सह्या गोळा करणाऱ्या पिढीतले होते. त्या पिढीतली कितीतरी माणसं गाडी येण्याआधीच गेली. म्हणून संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी लगेच सांगितलं, रेल्वेवर बोलेन. जगभरात रेल्वेनं काय केलं ते सांगेन, पण बोलेन पालीत उभा राहून, आपल्या जिल्ह्याच्या हिशेबानं.

17 सप्टेंबर 2025. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्या उपस्थितीत बीडहून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती 16 एप्रिल 1853 ला. मधे 172 वर्षं गेली. जिल्ह्यात रेल्वे नव्हतीच असं मात्र म्हणता येणार नाही. परळी वैजनाथला निजामाच्या काळापासून स्टेशन आहे. पण परळी जिल्ह्याच्या एका टोकाला. बीड, गेवराई, पाटोदा, आष्टी, शिरूर इकडच्या माणसाला गाडी धरायची तर आधी एसटीनं दुसऱ्या जिल्ह्यात जायचं, मग गाडी. आपल्या लोकांना त्याची इतकी सवय झाली होती की त्यात काही वावगं आहे हेही जाणवेनासं झालं होतं.

ते मला पहिल्यांदा जाणवलं 2016 च्या उन्हाळ्यात. त्या वर्षाची इथं कुणाला आठवण करून द्यायला नको. बिंदुसरा धरण तुमच्या गावच्या शिवारात आहे, आणि ते आटलं की बीड शहराच्या तोंडचं पाणी कसं पळतं हे पालीइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? त्या उन्हाळ्यात लातूर शहराची अवस्था तर त्याहून वाईट होती. मांजरा धरण कोरडं. घागरींच्या रांगेत मारामाऱ्या होऊ लागल्या म्हणून पाणवठ्यांवर जमावबंदी लावावी लागली. आणि एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली.

ती गाडी कशी उभी राहिली ते जरा बारकाईनं सांगतो. राजस्थानातल्या कोटा इथल्या रेल्वे कारखान्यात टाक्यांच्या वाघिणी आतून वाफेनं धुतल्या. एका वाघिणीत सुमारे 50 हजार लिटर पाणी मावतं. पहिल्या गाडीला अशा दहा वाघिणी होत्या, म्हणजे पाच लाख लिटर. मिरजेला त्या भरल्या, आणि 12 एप्रिलच्या पहाटे गाडी लातूरला पोचली. स्टेशनजवळच्या एका मोठ्या विहिरीत पाणी उतरवायचं, तिथून ते शुद्धीकरणाला न्यायचं, मग टँकरनं वस्त्यांना द्यायचं. पुढं गाडीला पन्नास वाघिणी लागल्या आणि एका खेपेला 25 लाख लिटर पाणी येऊ लागलं. पावसाळा लागून ऑगस्ट उजाडेपर्यंत ही ये-जा चालू राहिली. मिरज ते लातूर अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. एवढं पाणी रस्त्यानं आणायचं तर दहा हजार लिटरचे अडीचशे टँकर लागले असते, एका खेपेला.

तेव्हा मनात आलेला प्रश्न अजून जात नाही. तशीच वेळ बीडवर आली असती आणि सरकारनं बीडलाही पाण्याची गाडी द्यायची ठरवली असती, तर ती उतरवली कुठं असती?

आता ती गाडी ज्या वाटेनं आली तिच्याकडं बघू. मिरज, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, लातूर. वडीलधाऱ्यांनी ही वाट लगेच ओळखली असेल. ही बार्शी लाइटची वाट. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं 1897 मध्ये कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोड स्टेशनापासून बार्शीपर्यंत अडीच फुटी नॅरोगेज टाकली. तेव्हाचे जाणते लोक अशा चिमुकल्या गाडीला खेळणं समजत. कॅल्थ्रॉपचं म्हणणं असं की इंजिनाचं आणि डब्यांचं ओझं प्रत्येक आसावर सारखं वाटलं, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त येऊ दिलं नाही, तर हलक्या रुळावरूनही भरपूर माल जातो. त्यानं ते करून दाखवलं, आणि पुढं जगभरच्या नॅरोगेजवाल्यांनी बार्शीचा कित्ता गिरवला. 1906 मध्ये ती पंढरपूरला गेली, 1911 मध्ये लातूरला, 1927 मध्ये मिरजेला. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. वारकरी तिच्या टपावर बसून पंढरीला जात. बार्शीत गिरण्या निघाल्या, आडती वाढल्या आणि ते गाव मराठवाड्याचं प्रवेशद्वार म्हणवून घेऊ लागलं. बालाघाट उतरून आपल्याकडच्या बैलगाड्या बार्शीच्या बाजाराला लागत त्या याच कारणानं. स्वातंत्र्यानंतर सरकारनं ती रेल्वे विकत घेतली, आणि या शतकाच्या सुरुवातीला तिची ब्रॉडगेज झाली. धाराशिवसारख्या ठिकाणी वाट थोडी वळवली, बाकी मार्ग तोच राहिला.

म्हणजे लक्षात घ्या. ज्या वाटेनं 2016 मध्ये लातूरला पाणी आलं, ती बांधणाऱ्यांच्या मनात पाणी नव्हतंच. त्यांच्या मनात होता कापूस, भुसार आणि वारीचे प्रवासी. रूळ एका कामासाठी पडतो आणि पुढच्या पिढ्यांच्या भलत्याच कामाला येतो. माझ्या मते रेल्वेचं सगळ्यात मोठं महत्त्व इथं आहे. बीडची रेल्वे तोट्यात चालेल की फायद्यात, याचा हिशेब पाच वर्षांच्या तिकीटविक्रीवर मांडणारे लोक आहेत. त्यांना मी मिरज-लातूर मार्गाचा शंभर वर्षांचा हिशेब मांडायला सांगेन.

उलट बाजूही तुमच्यासमोर ठेवली पाहिजे. रेल्वे आली म्हणजे भलंच होतं, असं इतिहास सांगत नाही. इंग्रजांनी भारतात रेल्वे टाकली तेव्हा विलायतेतल्या कंपन्यांना पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. गाडी रिकामी धावो की भरून, व्याज इथल्या रयतेच्या कराच्या पैशातून जायचं. रूळ पडले बंदराच्या दिशेनं. कापूस गेला, गहू गेला, आणि मँचेस्टरचं कापड आत आलं. 1876 ते 78 च्या दुष्काळात एकीकडं रेल्वेनं काही भागांत धान्य पोचवलं, दुसरीकडं धान्य देशाबाहेर जातच राहिलं. दादाभाई नौरोजींनी या व्यवहारावर बोट ठेवलं ते आकडे मांडून. निजामाच्या राज्यातही गोदावरी खोऱ्यातली मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज विसाव्या शतकाच्या तोंडावर झाली, ती औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडला लागून गेली. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्याकडं तिनं वळून पाहिलं नाही. स्वातंत्र्यानंतर ती ब्रॉडगेज व्हावी म्हणून मराठवाडा जनता विकास परिषदेला वर्षानुवर्षं झगडावं लागलं. त्या लढ्यात गोविंदभाई श्रॉफ अग्रभागी होते. मराठवाड्याला रुळाचा एकेक मीटर मागून, भांडून मिळालेला आहे.

परळीचंच बघा. परळीला औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच 1971 मध्ये सुरू झाला. त्याला कोळसा लागतो, आणि कोळसा रेल्वेशिवाय येत नाही. स्टेशन होतं म्हणून केंद्र परळीला आलं, केंद्र आलं म्हणून हजारो हातांना काम मिळालं. पण 2013 मध्ये पाण्याअभावी तेच केंद्र बंद ठेवावं लागलं. कोळशाची सोय रुळानं केली, पाण्याची सोय आपण करू शकलो नाही. रेल्वेच्या जोडीला इतर कामं झाली नाहीत की रेल्वेचा उपयोगही अर्धा राहतो.

अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 मध्ये मंजूर झाला. तेव्हाचा अंदाजी खर्च 353 कोटी. आज तो 4,800 कोटींच्या पुढं गेला आहे. आष्टीपर्यंतचे पहिले 66 किलोमीटर प्रवाशांना खुले झाले 23 सप्टेंबर 2022 ला. मंजुरीनंतर सत्तावीस वर्षांनी! आता याच्याशेजारी कोकण रेल्वे ठेवा. 741 किलोमीटर. सह्याद्रीच्या कड्यांतून बोगदे, दऱ्यांवरचे उंच पूल, पावसात खचणारे डोंगर. 1990 मध्ये महामंडळ स्थापन झालं आणि जानेवारी 1998 मध्ये पूर्ण मार्गावरून गाडी धावली. आपल्याकडं तर बहुतेक सपाटी, मधे थोडा घाट.

मग फरक कुठं पडला? मधू दंडवते, जॉर्ज फर्नांडिस यांची इच्छाशक्ती आणि ई. श्रीधरन यांची कामाची शिस्त हे तर आहेच. पण मूळ फरक पैशाच्या वाटेचा. कोकण रेल्वेसाठी वेगळं महामंडळ झालं. त्यात केंद्राचे 51 टक्के, महाराष्ट्राचे 22, बाकी कर्नाटक, गोवा, केरळ. त्या महामंडळानं बाजारातून रोखे काढून पैसा उभा केला. काम पैशासाठी थांबलं नाही. आपला मार्ग मात्र वर्षाच्या अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर जगला. एखाद्या वर्षी चिमूटभर, एखाद्या वर्षी मूठभर. जमीन संपादन करायचं तर पैसा नाही, पैसा येईपर्यंत जमिनीचे भाव वाढलेले, म्हणून खर्चाचा नवा अंदाज, म्हणून नवी मंजुरी. पुढं राज्यानं निम्मा खर्च उचलायचं मान्य केलं तेव्हा कुठं गाडा हलला. केशरकाकू क्षीरसागरांपासून गोपीनाथ मुंड्यांपर्यंत बीडच्या खासदारांनी या मार्गासाठी दिल्लीत जोर लावला, सर्वपक्षीय आंदोलनं झाली. पण माणसाच्या जोरावर मंजुरी मिळते. काम पुरं होतं ते पैशाच्या नियमित व्यवस्थेवर. सप्टेंबर 2025 मध्ये बीडहून गाडी सुटली तेव्हा परळीपर्यंतचा साधारण पंचाण्णव किलोमीटरचा तुकडा बाकीच होता, म्हणून हे आज बोलावंसं वाटतं. वडवणी, तेलगाव, सिरसाळ्याच्या लोकांना पुन्हा एक पिढी वाट बघायला लावायची का?

गेलेली रेल्वे परत मिळवता येते का, याचं एक उदाहरण स्कॉटलंडमध्ये आहे, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. एडिंबरोच्या दक्षिणेला डोंगराळ मुलूख आहे. मेंढ्या, लोकरीच्या गिरण्या, लहान लहान गावं. 1963 मध्ये ब्रिटनच्या रेल्वे मंडळाचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांनी अहवाल दिला की तोट्यातले मार्ग बंद करा. त्यात या मुलखातून जाणारा मार्गही गेला. जानेवारी 1969 मध्ये रात्री लंडनकडं जाणारी शेवटची गाडी न्यूकॅसलटन नावाच्या खेड्यात आली, तर गावकऱ्यांनी रेल्वे फाटक बंद करून ती अडवली. गावच्या चर्चच्या धर्मगुरूंना पोलिसांनी पकडलं. गाडीत त्या भागाचे खासदार डेव्हिड स्टील होते, त्यांनी मध्ये पडून धर्मगुरूंची सुटका करवली आणि मग गाडी गेली. त्यानंतर 46 वर्षं त्या मुलखात गाडी आली नाही. तरणी पोरं शहरात गेली, गिरण्या बसल्या. पण लोकांनी नाद सोडला नाही. सप्टेंबर 2015 मध्ये एडिंबरोजवळून ट्वीडबँकपर्यंतचा सुमारे 48 किलोमीटरचा तुकडा पुन्हा सुरू झाला, आणि पहिल्याच वर्षात दहा लाखांहून जास्त प्रवासी बसले. तोट्याचा म्हणून बंद केलेला मार्ग! तिथं एक गोष्ट शहाणपणाची केली. गाड्या ठरावीक अंतरानं, दिवसभर ठेवल्या. माणसाला वेळापत्रक पाठ करायला लागत नाही, स्टेशनवर गेलं की गाडी आहे.

आपल्याकडं पहिल्या वेळापत्रकात रविवार सोडून दिवसाला एक फेरी, आणि 166 किलोमीटरला साडेपाच तास. म्हणजे ताशी तीस किलोमीटर. नवा मार्ग आहे, भराव बसायला वेळ लागतो, तेव्हा विद्युतीकरण व्हायचं होतं, हे सगळं मान्य. पण एवढ्यावर आपण समाधान मानलं, तर उद्या कुणीतरी म्हणेल, बीडच्या गाडीला प्रवासीच नाहीत. नगरहून सकाळी निघून दुपारी बीडला येणारी आणि दुपारी परत फिरणारी गाडी कॉलेजच्या मुलाच्या, कोर्टकचेरीच्या माणसाच्या, दवाखान्यात निघालेल्या म्हातारीच्या काय उपयोगाची? आणि पुणे-मुंबईला जाणाऱ्याला नगरला उतरून पुढची गाडी धरायची असेल, तर दोन्ही वेळा जुळल्या पाहिजेत.

स्वित्झर्लंडनं 1982 पासून सगळ्या देशात ठरावीक तासानं गाडी असं वेळापत्रक लावलं आणि स्टेशनवर गाडी आली की डोंगरातल्या गावांना जाणारी पोस्टाची बस बाहेर उभी, असं दोन्हीचं वेळापत्रक एकमेकांना बांधून टाकलं. त्या देशाकडं पैसा आहे म्हणून हे झालं, असं कुणी म्हणेल. पण बसची वेळ गाडीला जुळवायला पैसा लागत नाही. दोन खात्यांची माणसं एका टेबलाशी बसली की भागतं. पाली बीडपासून आठ-दहा किलोमीटरवर, धुळे-सोलापूर महामार्गावर. मांजरसुंबा, चौसाळ्याकडून येणारी एसटी इथूनच जाते. गाडीच्या वेळेला स्टेशनपर्यंत जाणारी एक फेरी मागणं, एवढं तर आपल्या हातात आहे ना? ज्या गावाला स्टेशनपर्यंत पोचायची सोय नाही, त्या गावापुरती रेल्वे कागदावरच आहे.

आता मालाचं बोलू. याच्याकडं आपलं सगळ्यात कमी लक्ष गेलंय. आपण रेल्वे मागितली ती प्रवासी म्हणून. पण जगात ज्या मुलखाचं रेल्वेनं भलं झालं, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी ते मालगाडीनं झालं. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बालाघाटाच्या माळरानावर, दगडधोंड्यांत, पाणी न घालता येणारं फळ. मांजरसुंब्याच्या घाटात पाट्या घेऊन बसलेल्या बाया तुम्ही रोज बघता. त्यांना विचारा, फळाचे डोळे उघडले की त्या किती घाईला येतात. झाडावरून काढल्यावर दोन-तीन दिवसांत सीताफळ पिकतं, चौथ्या दिवशी हातात धरवत नाही. म्हणून व्यापारी येतो तो भाव पाडूनच बोलतो. तो जाणतो की ही बाई थांबू शकत नाही. 2020 मध्ये किसान रेल्वे सुरू झाली तेव्हा सांगोल्याचं डाळिंब थेट बिहार, बंगालला गेलं. शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहूनच सुटली. सांगोला कुठं आहे? त्याच बार्शी लाइटच्या वाटेवर. रूळ होता, माल चढवायची सोय होती, म्हणून योजना आली तेव्हा सांगोला तिचा फायदा घेऊ शकलं.

आष्टी-कड्याचा कांदा, गेवराई-माजलगावच्या कापसाच्या गाठी, सोयाबीन, सगळं आज ट्रकनं जातं. डिझेल महागलं की भाडं वाढतं, आणि ते वाढीव भाडं शेवटी शेतकऱ्याच्या पट्टीतून कापलं जातं. बीडला चांगला मालधक्का हवा, ट्रक वळायला जागा हवी, हमालांना सावली आणि पाणी हवं, फळासाठी शीतगृह हवं. मार्ग नवा आहे, स्टेशनाभोवती जागा मोकळी आहे, तोवरच हे मागून घ्यायचं. एकदा भोवती प्लॉटिंग झालं की मालधक्क्याला जागा उरत नाही, हे जुन्या स्टेशनांच्या गावांनी अनुभवलेलं आहे.

आणि कोयत्याबद्दल बोलल्याशिवाय मी खाली बसू शकत नाही. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर, संसार ट्रकमध्ये नाही तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. वर कांबळं पांघरलेली पोरं, खाली जनावरं. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात सहा-सहा महिने पाचटाच्या कोपीत राहायचं. मुलांची शाळा सुटते ती सुटतेच. बीडच्या रेल्वेची खरी परीक्षा इथं आहे. दादाभाईंनी जे रुळांबद्दल सांगितलं तेच इथं होऊ शकतं. गाडी माणसं बाहेर नेण्यापुरतीच कामाला आली, तर स्थलांतर तेवढं सोपं होईल आणि गावं तेवढी लवकर रिकामी होतील. लातूरला हरंगुळमध्ये रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा राहिलाय. तसा कारखाना बीडला उद्या येईल असं आश्वासन मी देणार नाही. पण सरकी, डाळ, सोयाबीन यांवरचे प्रक्रिया उद्योग मालधक्क्याच्या आधारानं उभे राहू शकतात. त्यातून एका गावातले पन्नास कोयते जरी थांबले, तर पन्नास घरांतली मुलं दिवाळीनंतर शाळेत दिसतील. माझ्या लेखी रेल्वेचं यश मोजायचं माप हेच.

सोलापूर, धाराशिव, बीड, संभाजीनगर अशी महामार्गाला समांतर रेल्वे व्हावी, ही मागणीही जुनी आहे. ती झाली तर आपला पट्टा उत्तर-दक्षिण जोडला जाईल. त्यासाठीही बोललं पाहिजे. पण आधी हातात आलेली गाडी नीट चालवून घेऊ.

गुरुजींच्या पिढीनं सह्या गोळा केल्या तेव्हा रूळ कागदावरही नव्हता. आपलं काम त्यांच्यापेक्षा सोपं आहे. येत्या ग्रामसभेत तीन मागण्यांचा ठराव घ्या: गाडीच्या वेळेला जुळणारी एसटी, फळ-भुसाराची सोय असलेला बीडचा मालधक्का, आणि परळीपर्यंतचं काम पुरं करण्याची जाहीर तारीख. ठरावाची एक प्रत मध्य रेल्वेला पाठवा, एक एसटीच्या विभाग नियंत्रकांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना. शेजारच्या गावांनाही तसाच ठराव घ्यायला सांगा. लेखी उत्तर येईपर्यंत दर महिन्याला स्मरणपत्र जाऊ द्या, आणि ते लिहायचं काम शाळेतल्या मोठ्या मुला-मुलींकडं सोपवा.